मदत हवी आहे: फाईलवरचे नाव वाचायचे कधी सोडले ते कळलेच नाही, हा कामाचा ताण आहे की बर्नआउट?

नमस्कार. गेली अकरा वर्षे मी एका विमा कंपनीच्या दावे विभागात काम करते आहे आणि त्यांपैकी शेवटची सहा वर्षे माझ्याकडे प्रामुख्याने मृत्यूदावे येतात. प्रश्न नेमका मांडता यावा म्हणून थोडे सविस्तर लिहिते. लांबण लागल्यास सांभाळून घ्यावे.

तीन आठवड्यांपूर्वी आमच्याकडे नव्याने रुजू झालेला एक सहकारी माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "मॅडम, त्या शिक्षिका होत्या ना, ज्यांच्या मुलाने हाताने पत्र लिहून जोडले आहे, त्यांच्या दाव्याबद्दल विचारायचे होते." मी मान वर न करता म्हणाले, "क्लेम नंबर सांग." त्याने सांगितला, मी फाईल उघडली, तर त्या पत्रापुढे माझीच "पाहिले" अशी नोंद होती, तारखेसकट. पत्र वाचल्याचे मला अजिबात आठवत नव्हते. त्याचे वाईट वाटायला हवे होते, पण तेही वाटले नाही; मनात आले ते एवढेच, की याने लवकर आटपावे, म्हणजे जेवणाच्या सुट्टीआधी आणखी दोन फायली निघतील. हीच मी पूर्वी अशी पत्रे शेवटच्या ओळीपर्यंत वाचत असे आणि एखादा कागद कमी असला तर क्वेरी (फाईल अडवून लेखी विचारणा) लावण्याआधी स्वतः फोन करून तो मागवून घेत असे.

त्या दिवसापासून मागचे वर्ष आठवून पाहते आहे. रात्री अकराला डोळा लागतो आणि साडेतीनच्या सुमारास टक्क जाग येते, ती पुन्हा झोप न लागण्यासाठीच. दाढ दुखते म्हणून दंतवैद्यांकडे गेले, तर त्यांनी दाढांची झीज पाहून विचारले, "रात्री झोपेत दात खाता का?" (दिवसा कुणावर दात-ओठ खाण्याची सोय नाही, म्हणून ते काम रात्रीवर गेले असावे.) पॉलिसी क्रमांक चार वेळा ताडून पाहिला तरी पाचव्यांदा पाहावासा वाटतो, आणि इतके करूनही गेल्या तिमाहीत माझ्या दोन फायलींत चुका निघाल्या, ज्या आधीच्या दहा वर्षांत कधी निघाल्या नव्हत्या.

मध्यंतरी नऊ दिवसांची रजा घेतली. पहिले चार दिवस झोपण्यात गेले, पुढचे दोन खरोखर चांगले गेले आणि सातव्या दिवसापासून पेंडन्सी, म्हणजे निकाली न निघालेल्या फायली, किती साचली असेल याचा हिशेब डोक्यात सुरू झाला. सोमवारी कामावर परतले. गुरुवारपर्यंत आपण रजेवर गेलो होतो हे माझे मलाच खरे वाटेना. घरी माझे पती म्हणतात की नोकरी सोडून दे. आई म्हणते की कामाचा ताण कुणाला नसतो. मला दोघांचेही पटते, आणि म्हणूनच काही ठरत नाही.

हा नेहमीचाच ताण आहे, की ज्याला बर्नआउट म्हणतात ते, की नैराश्याची सुरुवात, हे घरच्या घरी कितपत ओळखता येते? दाखवायचे झाल्यास आधी कोणत्या डॉक्टरांना दाखवावे? आणि साहेबांशी यातले काय बोलावे, की काहीच बोलू नये? ज्यांना अनुभव किंवा माहिती आहे त्यांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद १

ताई, आपण इतके नेमके लिहिले आहे की उत्तर देणे सोपे झाले. मी नोकरदार लोकांच्या समुपदेशनाचे काम करते. तरीही पुढचे लिखाण निदान समजू नये, ते समोर बसूनच होते.

ताणाखाली माणूस कामात गरजेपेक्षा जास्त गुंततो. तो चिडतो, धावपळ करतो, पण हा महिना एकदाचा निघाला की सुटलो, असे त्याला मनोमन वाटत असते. बर्नआउटमध्ये ते गुंतणेच आटते आणि महिना निघाला काय नि न निघाला काय, सारखेच वाटू लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात बर्नआउटची नोंद आहे, मात्र आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित अवस्था म्हणून. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळ चाललेला ताण नीट हाताळला न गेल्यामुळे ती येते, असे तिथे म्हटले आहे. तिच्या तीन खुणा सांगितल्या आहेत: शक्ती संपल्यासारखी वाटणे, कामापासून मनाने तुटणे किंवा त्याविषयी कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काम पूर्वीसारखे होत नाही असे जाणवणे.

बहुतेक लोक पहिल्या खुणेपाशीच थांबतात, कारण थकवा सगळ्यांना दिसतो आणि सांगायला लाजही वाटत नाही. आपल्या लिखाणात मला दुसरी खूण जास्त ठळक दिसली. "क्लेम नंबर सांग" हे वाक्य म्हणजे, क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन या संशोधकांनी १९८१ मध्ये बर्नआउट मोजणारी जी २२ प्रश्नांची मोजपट्टी प्रसिद्ध केली, तिच्यातल्या ज्या घटकाला समोरच्याकडे माणूस म्हणून न पाहणे असे म्हणता येईल, त्याचा अगदी चपखल नमुना आहे. हा निगरगट्टपणा नव्हे. रोज कुणाच्या ना कुणाच्या मृत्यूचा दाखला हाताळणारे मन एका मर्यादेनंतर स्वतःला वाचवण्यासाठी नावे वाचणे बंद करते. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये या अवस्थेवर पहिल्यांदा लिहिले तेव्हा त्यांच्यासमोर मोफत दवाखान्यात मनापासून राबणारे कार्यकर्ते होते, आणि त्यांनी स्वतःही ती अवस्था अनुभवली होती. जे आधीपासूनच पाट्या टाकत असतात, त्यांच्या वाट्याला हे सहसा येत नाही.

नैराश्याचे मात्र वेगळे तपासायला हवे. बर्नआउटची सुरुवात कामापासून होते आणि निदान काही काळ तरी ते कामापुरते राहते. नैराश्य घरी, सुट्टीत, आवडत्या गोष्टींतही सोबत येते. म्हणून विचारते: कामाबाहेर आपल्याला अजून कशात रस वाटतो का? लोकांशी बोलावेसे वाटते का? दवाखान्यात नैराश्य पडताळण्यासाठी पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची चाचणी वापरतात. मागच्या दोन आठवड्यांबद्दलचे ते प्रश्न असतात, गुण २७ पैकी असतात आणि दहा किंवा त्याहून अधिक आले तर डॉक्टरांशी बोलणे टाळू नये. जगणे नकोसे वाटण्याचा विचार एकदा जरी आला, तरी गुण मोजत न बसता त्याच दिवशी मदत घ्यावी.

आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडेच जा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि साखर तपासून घ्या, कारण यांतल्या बिघाडानेही असाच थकवा येतो. झोपेत घोरण्याची किंवा श्वास अडकण्याची तक्रार असल्यास तेही सांगा. मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायचे की नाही हे ते ठरवतील.

प्रतिसाद २

पहाटे उठून प्राणायाम सुरू करावा आणि विचार सकारात्मक ठेवावेत. तीन महिन्यांत फरक पडेल. स्वानुभव आहे.

प्रतिसाद ३

वरील सल्ल्यात हेतू चांगला आहे आणि प्राणायामाने झोप सुधारत असेल तर तो जरूर करावा. पण साडेतीनला जाग येणाऱ्या व्यक्तीला पहाटे उठण्याचा सल्ला देताना जरा विचार व्हावा. शिवाय अशा सल्ल्यांतून नकळत असे सुचवले जाते, की दोष माणसाच्या मनाचा आहे आणि कामाची रचना जशी आहे तशीच राहणार.

मी वीस वर्षे मनुष्यबळ विभागात काढली आहेत आणि तिथे जे पाहिले त्याला मास्लाक आणि त्यांचे सहसंशोधक मायकेल लायटर यांची बर्नआउटविषयीची मांडणी बरीच लागू पडते. माणूस आणि त्याचे काम यांचे कामाचा बोजा, अधिकार, मोबदला व कदर, सहकाऱ्यांशी नाते, न्याय आणि मूल्ये या सहा ठिकाणी बिनसते, असे ते म्हणतात. थकलेला प्रत्येक जण पहिल्यांदा बोज्याकडे बोट दाखवतो आणि वरिष्ठही दोन फायली कमी करून मोकळे होतात. पुष्कळदा दुखणे दुसरीकडेच असते आणि मग बोजा कमी होऊनही काही बदलत नाही. आपल्या रजेचा परिणाम चार दिवसांत ओसरला, यावरूनही मला तेच वाटते: विश्रांतीने भरून येणारी ही झीज नसावी.

म्हणून नोकरी सोडण्याचा निर्णय आत्ता घेऊ नका आणि एक साधी गोष्ट करा. दोन आठवडे रोज निघताना वहीत दोनच ओळी लिहा: आज कोणत्या क्षणी मन उतरले, आणि त्या वेळी नेमके काय चालले होते. "कंटाळा आला" असे लिहू नका. फाईल कोणती, कोण काय म्हणाले, घड्याळात किती वाजले होते ते लिहा. आठवड्याचे तास किती भरतात तेही कळवा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांत, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त आढळला होता.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. दोन आठवडे वही लिहिली आणि मगच उत्तर देते आहे.

तास साधारण पन्नास भरतात. रस विचारलात, तर शब्दकोडी अजूनही तितक्याच हौसेने सोडवते आणि एखादा आडवा शब्द अडला तर अर्धा दिवस तो डोक्यात घोळतो. मात्र बहिणीचे फोन मी उचलत नाही आणि नंतर उलट करतही नाही, हे वही लिहिताना प्रथमच लक्षात आले. पीएचक्यू-९ डॉक्टरांसमोरच भरली. गुण अकरा आले. हिमोग्लोबिनही कमी निघाले, त्याची औषधे सुरू आहेत, आणि पुढच्या आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांची वेळ मिळाली आहे.

वहीतली गोष्ट मात्र मला अनपेक्षित होती. मला वाटत होते की फायली वाढल्या. जुने मासिक अहवाल काढून पाहिले, तर माझ्याकडच्या दाव्यांची संख्या दोन वर्षांपूर्वी होती जवळपास तेवढीच आहे. वहीतल्या दहा नोंदींपैकी सात नोंदी एकाच जागच्या निघाल्या: मी फाईल पूर्ण वाचून मंजुरीची शिफारस केली, आणि ती वरच्या टेबलावरून कारण न देता "पुनर्तपासणी" असा शेरा घेऊन परत आली. दीड वर्षापूर्वी एका रकमेपर्यंतचे दावे मी स्वतःच्या सहीने निकाली काढत असे. नव्या पद्धतीत तो अधिकार गेला आणि आता प्रत्येक फाईल वर जाते. कुटुंबांचे फोन मात्र पूर्वीप्रमाणे माझ्याकडेच येतात, आणि "तुमचा दावा प्रक्रियेत आहे" एवढेच मी सांगू शकते. पत्र वाचून करायचे काय, असे मनाने कुठेतरी ठरवून टाकले असावे.

आता प्रश्न साहेबांशी बोलण्याचा उरला आहे.

प्रतिसाद ३ यांच्याकडून पुन्हा

आपल्या वहीने आम्हा सर्वांपेक्षा चांगले काम केले. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये हेच मांडले होते, की कामाच्या मागण्या मोठ्या आणि निर्णयाची मुभा थोडी, अशा कामात माणूस सर्वांत जास्त खचतो. तितक्याच मागण्या असल्या तरी मुभा असेल तर तेच काम अंगाला लागते. आपली मुभा गेली आणि उत्तरदायित्व मात्र जिथल्या तिथे राहिले.

साहेबांकडे जाताना "बर्नआउट" हा शब्द नेऊ नका. त्यावर चर्चा होते ती आपल्या प्रकृतीची, आणि शेवट होतो तो "थोडी विश्रांती घ्या" या वाक्यावर. त्याऐवजी दीड वर्षातल्या परत आलेल्या फायलींची संख्या, त्यांतल्या अखेर जशाच्या तशा मंजूर झालेल्या किती, आणि त्यापायी वाया गेलेले दिवस काढून न्या. त्यांना आपल्या दुःखात रस असो वा नसो, रखडलेल्या दाव्यांत नक्की असतो. मागणी दोनच ठेवा: फाईल परत पाठवताना कारण लिहिणे सक्तीचे करावे, आणि ठरावीक रकमेपर्यंतची मंजुरी प्रायोगिक तत्त्वावर तीन महिने आपल्याकडे द्यावी. जमल्यास तिसरी म्हणजे मृत्यूदावे एकाच व्यक्तीकडे सहा-सहा वर्षे न ठेवता आळीपाळीने द्यावेत. ही मागणी आपल्या एकटीसाठी न करता विभागासाठी करा.

प्रतिसाद ४

मी यातून गेलो आहे, म्हणून थोडेसेच लिहितो. मी ऐन थकव्यात राजीनामा दिला आणि नव्या ठिकाणी पहिल्याच महिन्यात तीच अवस्था झाली, कारण तपासणी केलीच नव्हती. पूर्ववत व्हायला मला जवळजवळ एक वर्ष लागले आणि त्यातही मधले दोन महिने पुन्हा घसरण होती. तसे झाले तर उपचार फुकट गेले असे समजू नये. आणि ताई, बहिणीला फोन करा. काही सांगायचे नसले तरी चालेल, तिलाच बोलू द्या.

धागाकर्ती

बहिणीशी काल बोलले. ती पाऊण तास बोलली, मी ऐकत होते.

आकडे काढायला घेतले आहेत. परत आलेल्या फायली अपेक्षेपेक्षा पुष्कळच जास्त निघत आहेत. शेवटची शंका: हे सर्व साहेबांना लेखी द्यावे की तोंडी बोलावे?

प्रतिसाद ३ यांच्याकडून पुन्हा

आधी तोंडी, आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी, वेळ मागून घेऊन. बोलणे झाल्यावर त्याच संध्याकाळी "आज आपण बोललो त्यानुसार" अशी सुरुवात करून आकडे आणि मागण्या मेलने पाठवा, आणि त्यात आपल्या प्रकृतीविषयी एक ओळही लिहू नका.