आधी खोटं, मग चोरी
'जुगारी मुळातच गुन्हेगारी वृत्तीचा असतो' असं बरेच जण म्हणतात, मला ते पटत नाही. आमच्या गल्लीतला पिग्मी एजंट, म्हणजे पतसंस्थेसाठी रोजची बचत गोळा करणारा, ११ वर्षं दारात येऊन पैसे न्यायचा, एका रुपयाचा घोळ नाही. मोबाइलवरच्या रमीत हरायला लागला तसं आधी बायकोचं मंगळसूत्र गहाण पडलं, मग पिग्मीचे पैसे 'दोन दिवसांपुरते' वापरले. आईच्या पासबुकात त्याच्या सहीच्या नोंदी होत्या, संस्थेत भरणाच नव्हता.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत जुगाराच्या व्यसनाचं 'बेकायदा कृत्यं' हे एक लक्षण होतं. २०१३च्या आवृत्तीत ते वगळलं. हरलेले पैसे परत मिळवायला पुन्हा खेळणं आणि खोटं बोलणं, ही लक्षणं मात्र ठेवली. त्याच्या बायकोला ही दोन्ही वर्षभर आधीच दिसली होती. सांगणार कुणाला?