राजभवन: कारकिर्दीचा शेवट की मधलं जंक्शन?

पारकट्टा: राज्यपाल राजकारणातला नको, हे वाक्य ऐकून कान किटले. मला ते पटत नाही. माणूस राजकारणातून आला याने फारसं बिघडत नाही, त्याला परत राजकारणात जायचं असतं तिथे बिघडतं. सुशीलकुमार शिंदे २००४ पर्यंत आपले मुख्यमंत्री, लगेच आंध्रचे राज्यपाल, २००६ मध्ये केंद्रात ऊर्जामंत्री, पुढे गृहमंत्री. एस. एम. कृष्णा कर्नाटकाचे मुख्यमंत्री, मग मलबार हिलचं राजभवन, २००९ मध्ये परराष्ट्रमंत्री. दोघांनी काही वावगं केलं असं म्हणत नाही. पण पुढची गाडी दिल्लीहून सुटणार असेल, तर दिल्लीला नाही म्हणायची हिंमत कोण करेल? १९८३ साली नेमलेल्या सरकारिया आयोगाने सुचवलं होतं की राज्यपालपद सोडल्यावर पुन्हा राज्यपालपद किंवा राष्ट्रपती-उपराष्ट्रपतिपदाची निवडणूक सोडून दुसरं लाभाचं पद नको. तेवढा कायदा करा, निम्मे वाद मिटतील.

तिरपागडा: काही मिटत नाहीत. भगतसिंह कोश्यारींना कुठली गाडी पकडायची होती? उत्तराखंडचे माजी मुख्यमंत्री, राज्यसभा झाली, लोकसभा झाली, वय ऐंशीच्या घरात. २०२३ च्या जानेवारीत स्वतःच ‘मोकळं करा, वाचन-चिंतन करायचंय’ म्हणाले. तरी त्यांच्याच काळात २३ नोव्हेंबर २०१९ चा पहाटेचा शपथविधी झाला. ठाकरे मंत्रिमंडळाने २०२० मध्ये पाठवलेली, विधान परिषदेवर नेमायच्या १२ आमदारांची यादी सरकार पडेपर्यंत तशीच पडून राहिली. जून २०२२ मध्ये बहुमत चाचणी बोलावणं समर्थनीय नव्हतं, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये सांगितलं. परतीची आस नसलेला माणूस असा वागतो, मग तुमच्या कायद्याचा उपयोग काय?

घड्याळजी: शपथविधी पहाटे नव्हता हो, आठच्या सुमारास झाला. पहाटे ५:४७ ला राष्ट्रपती राजवट उठली. बाकी चालू द्या.

ओसरी: म्हणूनच निवृत्त अधिकारी नेमावेत. पी. सी. अलेक्झांडर १९९३ ते २००२ इथे होते. काँग्रेस, युती, पुन्हा आघाडी, सगळ्यांबरोबर निभावलं.

तिरपागडा: अलेक्झांडर इंदिराजींचे प्रधान सचिव होते, म्हणजे सत्तेच्या अगदी माजघरातले. आणि २००२ मध्ये राज्यसभेवर गेलेच की. तमिळनाडूचे तेव्हाचे राज्यपाल आर. एन. रवी तर पोलीस सेवेतले. त्यांनी १० विधेयके राष्ट्रपतींकडे राखून पाठवली, ते न्यायालयाने ८ एप्रिल २०२५ ला बेकायदा ठरवलं. अधिकारी आयुष्यभर वरच्याचा आदेश पाळायला शिकतो. निवडणूक हरलेल्या पुढाऱ्याला निदान जनतेचा राग कसा असतो ते ठाऊक असतं.

उंबरठा: तुम्ही दोघं माणसं मोजत बसलात. अनुच्छेद १५६ वाचा: राज्यपाल राष्ट्रपतींच्या मर्जीपर्यंत पदावर. मर्जी म्हणजे केंद्रातल्या सरकारची. २००४ मध्ये सरकार बदललं आणि उत्तर प्रदेश, गुजरात, हरयाणा, गोवा, चार राज्यपाल एका फटक्यात घरी. २०१० मध्ये न्यायालय म्हणालं की मनमानीने काढता येणार नाही, पण ते सिद्ध कोण करत बसणार? कोश्यारींना पुढचं पद नको असेलही. असलेलं पद तरी दिल्लीच्याच हातात होतं ना?

ओसरी: मग निवडून द्यायचा का राज्यपाल? घटनेच्या मसुद्यात तशी तरतूद होती. १९४९ मध्ये घटना समितीनेच ती बदलली, कारण मुख्यमंत्रीही निवडून आलेला आणि राज्यपालही, मग एका म्यानात दोन तलवारी.

उंबरठा: निवडून नको. पाच वर्षांची मुदत पक्की करा आणि काढायचं तर विधिमंडळापुढे महाभियोग. मग येऊ द्या कुठूनही.

पारकट्टा: उंबरठा, मुदतीचं मान्य. माझ्या कायद्याला ती जोड हवीच होती, नुसती परतीची वाट बंद करून भागत नाही. पण नुसत्या मुदतीनेही नाही. पाच वर्षं पक्की मिळाली की चौथ्या वर्षापासून माणूस सहाव्या वर्षाकडे बघायला लागतो. आणि सरकारियांनी उपराष्ट्रपतिपदाची खिडकी उघडी ठेवली होती ना, धनखड २०२२ मध्ये कोलकात्याहून आणि राधाकृष्णन २०२५ मध्ये मुंबईहून तिथूनच गेले. आता ती बंद करायची की नाही, ते सांगा.

तिरपागडा: मग शंकरदयाळ शर्मांना १९८७ मध्ये उपराष्ट्रपती होऊ न देता मुंबईच्या राजभवनातच अडवून ठेवलं असतंत!