चोवीस सेकंदांपैकी सोळा सेकंद चेंडू एकाच्याच हातात: आपल्या संघाच्या आक्रमणाचे नेमके बिघडले आहे कुठे?

कृष्णाकाठ

सांगलीतील ज्या महाविद्यालयातून मी अकरा वर्षांपूर्वी पदवी घेतली त्याचे नाव येथे मुद्दाम लिहीत नाही. शिवाजी विद्यापीठाच्या विभागीय सामन्यांना जे नियमित येतात त्यांना ते ओळखू येईल, आणि ज्यांना येणार नाही त्यांचे त्यावाचून काही अडणार नाही. प्रश्न आमच्या मुलांच्या बास्केटबॉल संघाच्या आक्रमणाविषयी आहे आणि तो रागाच्या भरात विचारलेला वाटू नये, म्हणून शनिवारच्या पराभवानंतर पाच दिवस थांबून लिहीत आहे.

समोरचा संघ पहिल्या मिनिटापासून दोन-तीन झोन लावतो, म्हणजे माणसामागे न धावता पुढे दोघे आणि मागे तिघे अशी आपापली जागा राखतो, कारण आमच्याविरुद्ध दुसरे काही करण्याची त्याला गरजच भासत नाही. आमचा गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणणारा खेळाडू, तो रमतगमत मध्यरेषेपलीकडे आणतो आणि तीन गुणांच्या रेषेबाहेर टप्पे मारत उभा राहतो. आमचा एकमेव उंच खेळाडू बास्केटजवळ डावीकडे हात वर करून थांबलेला असतो. उरलेले तिघे हजेरी लावायला आल्यासारखे आपापल्या जागी उभे असतात. फेक करण्यासाठी मिळणाऱ्या चोवीस सेकंदांपैकी पंधरा-सोळा असे गेले की गार्डला एकदम जाग येते आणि तो मान खाली घालून थेट तिघांच्या घोळक्यात घुसतो. मग चेंडू हिसकावला जातो, नाहीतर कसाबसा वर भिरकावला जातो, आणि आमची मुले माघारी धावत असताना समोरचे दोघे मोकळा लेअप, म्हणजे बास्केटलगतची सोपी फेक, टाकून येतात. शनिवारी दुसऱ्या अर्धात हाच प्रकार इतक्या वेळा झाला की माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनी शेवटी सामन्याकडे पाठ करून शेंगा सोलायला घेतल्या.

मुलांची मेहनत कमी आहे असे मी म्हणणार नाही. बचावात ती जीव तोडून खेळतात. मला जाणकारांकडून दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. बाहेरून हमखास फेकणारा कोणी नाही आणि उंच खेळाडू एकच आहे, अशा संघाने दोन-तीन झोनविरुद्ध खेळावे तरी कसे? आणि हे जे चालले आहे ती प्रशिक्षकांची आखणी आहे की आखणीचा अभाव?

जुना गार्ड, मिरज

आपण वर्णन केले आहे ते आक्रमण नसून कबड्डीची चढाई आहे. एकाने जायचे आणि बाकीच्यांनी मागे उभे राहून काय होते ते पाहायचे, ही सवय आपल्या मातीतल्या खेळाची आहे आणि तिथे ती शोभतेही. फरक इतकाच की कबड्डीतल्या चढाईला ३० सेकंद मिळतात आणि इथे सहा कमी.

दोन-तीन झोनमध्ये पुढे दोघे आणि मागे तिघे असतात, त्यामुळे फ्री थ्रोच्या (फाऊलबद्दल मिळणाऱ्या विनाअडथळा फेकीच्या) रेषेच्या मध्याशी, म्हणजे बास्केटमागच्या फळीपासून सुमारे ४.६ मीटरवर, एक मोकळी जागा राहतेच. तुमच्या उंच मुलाला बास्केटखालून उचलून तिथे उभा करा. चेंडू त्याच्या हाती गेला की मागच्या तिघांपैकी मधल्याला पुढे यावे लागते. तो आला की बास्केटखालची जागा उघडी पडते आणि तिथे शेवटच्या रेषेलगत पळत येणाऱ्याला पास देता येतो. तो आला नाही तर उंच मुलाने तिथूनच शांतपणे फेकावे. म्हणजे बचाव करणारा काय करतो ते पाहून निर्णय घ्यायचा, आधी ठरवून नाही.

दुसरी मोकळी जागा कोपऱ्याची. तीन गुणांची रेषा वळणावर बास्केटपासून ६.७५ मीटर असली, तरी कोपऱ्यात ती बाजूच्या रेषेला समांतर जात असल्यामुळे अंतर ६.६० मीटर भरते. पंधरा सेंटिमीटर म्हणजे फार नव्हे, परंतु दमलेल्या पायांना ते जाणवते. कोपऱ्यात माणूस उभा असला की मागच्या तिघांपैकी बाजूच्याला बाहेर सरकावे लागते आणि आतली भिंत पातळ होते. त्या मुलाला फेकता आले नाही तरी त्याचे तिथे असणे उपयोगाचे असते.

झोन मोडण्याचा खरा सोपा मार्ग मात्र तो लागण्याआधीच पोहोचणे हा आहे. मध्यरेषा ओलांडायला नियमाने आठ सेकंद मिळतात, पण म्हणून ते आठही खर्च केले पाहिजेत असे नाही. तुमचा गार्ड रमतगमत येतो तेव्हा तो समोरच्या पाचही जणांना आपापली जागा धरायला वेळ देत असतो.

गुणलेखक

मी टेबलावर बसणारा माणूस आहे, त्यामुळे थोडी वेगळी बाजू मांडतो. संथ खेळणे हा स्वतःहून दोष नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाचा संघ टोनी बेनेट यांच्या मार्गदर्शनाखाली वर्षानुवर्षे अत्यंत संथ खेळत असे. २०१८ मध्ये अव्वल मानांकन असूनही तो सोळाव्या मानांकनाच्या संघाकडून ५४-७४ असा हरला, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत असे त्याआधी कधीच घडले नव्हते, आणि तेव्हा त्यांच्या चाहत्यांनी हीच तक्रार केली होती. पुढच्याच वर्षी त्याच प्रशिक्षकांनी विजेतेपद मिळवले आणि खेळ तेव्हाही संथच होता. परंतु त्यांच्या संथपणात पाचही जण हलत असत. वेळ घेणे आणि वेळ घालवणे यांत हा फरक आहे.

फेकीच्या घड्याळाचा इतिहासही याच वादातून घडलेला आहे. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धेत २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेनच्या संघाने मिनियापोलिसला १९-१८ असे हरवले, कारण चेंडू नुसता धरून ठेवण्यावर काही बंधनच नव्हते. १९५४ मध्ये एनबीएने २४ सेकंदांचा नियम आणला. सिराक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी तो आकडा साध्या भागाकाराने काढला होता: ४८ मिनिटांचे २८८० सेकंद, आणि चांगल्या रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघांच्या मिळून साधारण १२० फेकी. आंतरराष्ट्रीय नियमांत ३० चे २४ सेकंद व्हायला २००० साल उजाडले, आणि अमेरिकेतल्या पुरुषांच्या महाविद्यालयीन खेळात तर आजही ३० सेकंद मिळतात. तेव्हा दूरचित्रवाणीवर तिथले महाविद्यालयीन सामने पाहून आपल्या मुलांशी तुलना करणाऱ्यांनी हे सहा सेकंद विसरू नयेत.

आता हिशेब. दोन गुणांच्या दहा फेकींपैकी चार गेल्या तर आठ गुण होतात. तीन गुणांच्या दहांपैकी तीनच गेल्या तरी नऊ होतात. घुसताना फाऊल मिळवून फ्री थ्रोच्या दहा जोड्या मिळाल्या आणि वीसपैकी बारा गेल्या तर बारा. आणि चेंडू हातातून गेला तर शून्य. म्हणून गार्डचे घुसणे चूक नाही, ते सोळा सेकंद उशिरा आणि तिघांच्या घोळक्यात होते ही चूक आहे. पुढच्या सामन्याला वही घेऊन बसा आणि चेंडूचा प्रत्येक ताबा फेकीत संपला, फ्री थ्रोमध्ये संपला की फेक न होताच गेला, एवढेच लिहा. गुणफलकापेक्षा ती वही अधिक बोलेल.

एक गोष्ट मुलांच्या बाजूने सांगितली पाहिजे. मी ज्या सामन्यांना बसतो तिथे बऱ्याचदा २४ सेकंद दाखवणारे यंत्र नसते. टेबलावरचा माणूस हातातल्या घड्याळावर मोजतो. खेळणाऱ्याला किती उरले ते दिसतच नाही, मग तो अंदाजाने दचकतो.

तासगावचा पालक

माझा मुलगा याच संघात खेळतो, तेव्हा मी तटस्थ आहे असा दावा करत नाही. आपण सर्वांनी लिहिलेले वाचले आणि बरेचसे पटले. तरीही सरावाची स्थिती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सराव चार वाजता सुरू होतो आणि माझ्या मुलाला एसटीसाठी साडेपाचला निघावे लागते. पलूसचा एक मुलगा त्याच्याही आधी निघतो. दोघांची प्रात्यक्षिके साडेचारपर्यंत चालतात, ते त्यानंतर येतात. म्हणजे पाचही जण एकत्र असतात तो वेळ दिवसाला पाऊण तासाचा, आणि पावसाळ्यात तेवढाही नाही, कारण सिमेंटच्या उघड्या मैदानावर शेवाळ धरते. शारीरिक शिक्षणाचे जे संचालक आहेत तेच कबड्डी, खो-खो आणि मैदानी खेळांचेही संघ सांभाळतात. बास्केटबॉल त्यांचा स्वतःचा खेळ नव्हे, आणि तसे ते प्रामाणिकपणे सांगतातही. दक्षिणेकडची रिंग पुढे झुकलेली आहे. त्या रिंगवर लांबून फेकायला शिकलेला मुलगा सरळ रिंगवर चुकणारच, मग तो लांबून फेकणे सोडून देतो. याला आखणी म्हणावे की अभाव, ते आपण ठरवा.

निवृत्त क्रीडा शिक्षक, सातारा

तासगावच्या पालकांनी लिहिलेले मी तीस वर्षे पाहिले आहे, त्यामुळे त्यातले एकही अक्षर मला खोटे वाटत नाही. तरीही पाच जण जमत नाहीत म्हणून चाल बसत नाही, हे कारण मला अर्धेच मान्य आहे. चेंडू दिल्यावर जागेवरून हलायचे, हे शिकायला दोन मुले पुरतात. फ्री थ्रोच्या रेषेवर चेंडू घेऊन वळायला आणि आत पळणाऱ्याला तो द्यायला तीन पुरतात. अर्ध्या मैदानात तिघांविरुद्ध तिघे खेळवा आणि बाहेर उभ्या असलेल्याला मोठ्याने बारापर्यंत मोजायला लावा. तिघांच्या आंतरराष्ट्रीय खेळातही एका आक्रमणाला १२ सेकंदच मिळतात आणि तो खेळ टोकियोपासून ऑलिम्पिकमध्ये आहे, तेव्हा मुलांना हा काहीतरी दुय्यम प्रकार वाटण्याचे कारण नाही. पंधरा दिवस बारा सेकंदांत विचार करणाऱ्या मुलाला सामन्यातले चोवीस सेकंद प्रशस्त वाटू लागतात, आणि यंत्र नसले तरी मोजणी त्याच्या अंगात भिनलेली असते.

प्रेक्षकांनाही एक सांगतो, रागावू नका. गार्डच्या हाती चेंडू येताच कठड्यावरून ‘घुस, घुस’ असा जो गलका होतो तो मी साताऱ्यात ऐकला आहे, आणि सांगलीत तो कमी होत असेल असे मला वाटत नाही. एकोणीस वर्षांचा मुलगा तो ऐकतो. कोपऱ्यातल्याला दिलेल्या पासला टाळी मिळत नाही.

कृष्णाकाठ

सर, आपला शेवटचा परिच्छेद मला नेमका लागला, कारण शनिवारी ओरडणाऱ्यांत मीही होतो. तासगावच्या पालकांचीही क्षमा मागतो. मैदानाबाहेरून सोळा सेकंद मोजणे सोपे आहे, एसटीचे वेळापत्रक मी मोजले नव्हते.

एका मुद्द्यावर मात्र माझे मत बदललेले नाही. शनिवारी दुसऱ्या अर्धात समोरच्यांनी लागोपाठ चार वेळा चेंडू हिसकावला, तरी आमच्या बाकावरून विश्रांतीवेळ मागितला गेला नाही. दुसऱ्या अर्धासाठी तीन मिळतात आणि त्यांतले दोन सामना संपला तेव्हा शिल्लक होते. त्यासाठी ना मैदान लागते, ना यंत्र, ना पाच जणांचा सराव. उंच मुलाला ‘दोन पावले वर ये’ एवढे सांगायला एक मिनिट पुरले असते.

गुरुवारच्या सामन्याला मी वही घेऊन येतो. गुणलेखक, आपण टेबलावर असाल तर सामन्यानंतर दोन्ही नोंदी ताडून पाहू. जुन्या गार्डांना मिरजेहून येणे जमले तर तेही यावेत, म्हणजे कोपरा कोणी धरला आणि कोणी नाही ते माझ्या डोळ्यांना चुकणार नाही.

आणि त्या झुकलेल्या रिंगचे: तिच्या बोल्टचे माप कोणी सांगू शकेल का? गणपती पेठेत शनिवारी माझे जाणे आहे.

तासगावचा पालक

क्षमेची काही गरज नव्हती. मुलाला विचारले. बोल्ट चार हवेत, सध्या तीनच आहेत आणि त्यांतला एक आटे गेलेला आहे. माप उद्याच्या सरावाला काढून घेतो आणि येथेच लिहितो.