मदत हवी आहे: पॅक-मॅन, गॅलागा आणि आर्कनॉइडसाठी जुन्या आर्केड मशीनची 'हाताला लागणारी' मजा घरी कशी आणावी?

खानापूरकर
नमस्कार मंडळी. कंट्रोल बॉक्स तयार आहे, चालतोही; पण हाताला जुन्या मशीनसारखा लागत नाही. काय बसवलंय ते आधी लिहितो.

पेटी १८ मिमी एमडीएफची, वरची फळी ४०० × २५० मिमी, सगळं मिळून वजन जेमतेम तीन किलो. ऑनलाइन किटमधली आठ दिशांची जॉयस्टिक (तळाला चौकोनी गेट, म्हणजे दांडी कुठवर जाईल ते ठरवणारी चौकट), ३० मिमीची बटणं, बटणं लॅपटॉपला जोडणारं, 'झीरो डिले' नावाने मिळतं ते यूएसबी बोर्ड. लॅपटॉपवर मेम (जुने आर्केड खेळ चालवणारं सॉफ्टवेअर), तिथून एचडीएमआयने ३२ इंची टीव्ही.

अडचणी अशा:
पॅक-मॅनमध्ये वळण चुकतं. दांडी वर केली तरी तो सरळच जातो.
गॅलागात गोळीबार करताना बटणं टिकटिक वाजतात आणि बोट लवकर दमतं.
जोरात खेळलं की पेटी टेबलावर सरकते.
आर्कनॉइड (बॅटने चेंडू मारून विटा फोडायचा खेळ) जॉयस्टिकवर खेळण्यात अर्थ नाही, आणि माउसवरही ती मजा नाही.
आणि खानापूरचा पाऊस माहीतच आहे. बटणांच्या भोकांभोवती एमडीएफ फुगायला लागलंय.

पैसे टप्प्याटप्प्याने घालायचे आहेत. आधी काय बदलू? बोर्ड बदलल्याने फरक पडेल का? बेळगाव किंवा कोल्हापुरात काय करून मिळेल?

शहापूर_बेळगाव
बोर्डाला शेवटी हात लावा. तुमच्या पाचपैकी एकही तक्रार बोर्डाची नाही. जुन्या मशीनची मजा गेट, स्प्रिंग, स्विच आणि वजन या चार गोष्टींत असते.

पॅक-मॅनचं आधी. १९८० चा तो खेळ चार दिशांच्या जॉयस्टिकसाठी केलेला आहे. मूळ दांडी तिरकी जातच नव्हती. तुमचं गेट चौकोनी, म्हणजे कोपरे तिरक्या दिशांना. उजवीकडे जाताना दांडी वर न्यायची म्हटली की ती कोपऱ्यातून जाते आणि क्षणभर दोन्ही स्विच एकदम दाबलेले राहतात. खेळ दोनपैकी एकच दिशा घेतो. ती जुनी असेल तर वळण गेलं. पॅक-मॅनमध्ये वळणाच्या थोडं आधी दांडी फिरवली की तो कोपरा कापून पुढे निघतो, भुतांपासून सुटायचं ते त्याच जोरावर. म्हणून चूक इथे जास्त बोचते.

उपाय फुकटातला आहे. जॉयस्टिक पालथी करा, तळाचं प्लास्टिकचं गेट चार खिट्ट्यांवर बसलेलं असतं. चपट्या स्क्रू-ड्रायव्हरने एकेक खिट्टी हलके सोडवा, गेट ४५ अंशांत फिरवून परत बसवा. चौकोनाचा शंकरपाळा झाला पाहिजे. आता कोपरे वर-खाली-डावी-उजवीकडे आले आणि तिरक्या बाजू बंद झाल्या. गॅलागा दोनच दिशांचा असल्याने त्यालाही हेच गेट चालतं. स्ट्रीट फायटर २ सारखे १९९१ पासूनचे मारामारीचे खेळ खेळणार असाल तर मात्र त्यांना तिरक्या दिशा लागतातच, तेव्हा गेट परत फिरवावं लागेल किंवा दुसरी जॉयस्टिक.

काही स्वस्त जॉयस्टिकचं गेट फिरत नाही, एकाच बाजूने बसतं. तसं असेल तर इथेच सांगा.

निपाणी_सर्किट
बोर्डाबद्दल आकडा सांगतो, म्हणजे शंका राहणार नाही. असल्या बोर्डाला संगणक साधारण ८ मिलिसेकंदांनी एकदा विचारतो. पडद्यावरची एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. म्हणजे बोर्ड बदलून सरासरीने पाव फ्रेम वाचेल. त्याआधी टीव्हीच्या मेनूत गेम मोड चालू करा आणि चित्र 'सुधारणारे' सगळे पर्याय बंद करा. ते पर्याय कित्येक फ्रेम खातात. हे केलं नसेल तर बाकी काही मोजूच नका.

उद्यमबाग_लेथ
वजनाचं आमच्याकडे सोपं आहे. ४०० × २५० मिमीची ६ मिमी जाडीची एमएस (साध्या पोलादाची) प्लेट ४.७ किलो भरते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत प्रोफाइल कटिंगवाल्याकडे (प्लेट कापून देणाऱ्याकडे) तुकड्यात मिळते का विचारा की, नवीन शीट घ्यायची गरज नाही. पेटीचा तळ म्हणून चार कोपऱ्यांत एम५ बोल्टने बसवा. खाली ३ मिमी नायट्राइल रबरचे चार तुकडे चिकटवा. पेटी जागची हलणार नाही.

एक काळजी घ्या. बटणांचे उघडे टर्मिनल आणि प्लेट यांत निदान १५ मिमी अंतर ठेवा. नसेल तर प्लेटवर आतून जाड प्लास्टिकची शीट टाका. नाहीतर जोरात दाबल्यावर टर्मिनल टेकतं आणि नको ते बटण लागतं.

वरच्या फळीसाठी एमडीएफ काढूनच टाका. आयएस ७१० छापलेला मरीन प्लाय घ्या, १२ मिमी पुरे, वर ३ मिमी अॅक्रिलिक. सगळी भोकं पाडून झाल्यावर आतल्या कडांना सीलरचे दोन हात द्या. पाणी शिरतं ते त्या उघड्या कडांतून, वरच्या पृष्ठभागातून नाही. जॉयस्टिकच्या जागी खालून प्लाय कोरून तिथे ४ ते ५ मिमी जाडी ठेवा. दांडी आखूड आहे, पूर्ण जाडीखाली बसवली तर दांडीवरचा गोळा फळीला टेकल्यासारखा वाटतो आणि मनगट अवघडतं.

आता स्प्रिंग. किटमधली स्प्रिंग मऊ असते, दांडी सोडली की मधोमध ठाम येत नाही, डोलते. खाली ई-क्लिप (E आकाराची छोटी पट्टी) असते ती काढा (कपड्याखाली काढा, उडून गेली की सापडत नाही), स्प्रिंग बाहेर येईल. व्हर्नियरने तारेची जाडी, बाहेरचा व्यास, मोकळी लांबी आणि वेढे मोजा. बाकी तेच ठेवून फक्त तार जाड करायची. स्प्रिंगची ताकद तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर चालते, म्हणून ०.८ च्या जागी ०.९ मिमी तार घेतली की ताकद १.६ पट होते. १.० घेतली तर २.४ पट, ती फार होते, अर्ध्या तासात मनगट भरून येतं. एक टप्पाच वर चढा. जाड तारेची स्प्रिंग पूर्ण दाबल्यावर वेढे एकमेकांना आधी टेकतात, तेव्हा बसवल्यावर दांडी चारही बाजूंना शेवटपर्यंत जाते का ते बघा.

परत बसवताना चेंडूसारख्या सांध्याला चिमूटभर सिलिकॉन ग्रीस. शिलाई मशीनचं तेल किंवा खोबरेल घालू नका, धूळ धरून चिखल होतो.

शहापूर_बेळगाव
बटणांचं राहिलं होतं. टिकटिक मायक्रोस्विचची, म्हणजे बटणाखालच्या 'टक' वाजणाऱ्या छोट्या डबीसारख्या स्विचची आहे. ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच मशीनमध्ये लीफ स्विच होते. दोन लवचिक पट्ट्या, टोकाला संपर्काचे ठिपके. बटण दाबलं की एक पट्टी वाकून दुसरीला टेकते, 'टक' असा टप्पा लागतच नाही. बोट पूर्ण वर उचलावं लागत नाही, संपर्काच्या आसपासच थरथरवता येतं. गॅलागात तुमच्या एका विमानाच्या दोनच गोळ्या एका वेळी पडद्यावर असतात, तेव्हा गोळी लागली की लगेच पुढची सोडायला हाच हलकेपणा उपयोगी पडतो.

३० मिमीच्या खटकन बसणाऱ्या बटणांत लीफ बसवायला जागा नसते. लांब दांड्याची, नटने आवळायची अमेरिकन पद्धतीची बटणं लीफ होल्डरसह मागवा. त्यांचं भोक २८.६ मिमी, म्हणजे १ इंच आणि १/८. सगळी बटणं बदलू नका. गोळीबाराचं एक बदला, बाकीची राहू द्या.

पट्ट्या जुळवणं हेच खरं काम. दोन ठिपक्यांमधलं अंतर एटीएम कार्डाच्या जाडीएवढं ठेवा, ते ०.७६ मिमी असतं. कार्ड मध्ये सरकवा: घासत जायला हवं, अडकता कामा नये. अंतर बदलायचं तर आखूड, जाड पट्टी वाकवा. लांब पट्टी वाकवली की तिचा ताण जातो आणि बटण परत वर येत नाही. बारीक चिमट्याने मुळाशी धरा, टोकाशी नाही.

खानापुरात पावसाळ्यात ठिपक्यांवर थर चढणार. जाड व्हिजिटिंग कार्डाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून ठिपक्यांमध्ये धरा, बटण हलके दाबा आणि पट्टी ओढून काढा. दोन-तीनदा. पॉलिश पेपर लावू नका, वरचा मुलामा निघाला की मग कायमचा त्रास.

खानापूरकर
गेट फिरवलं, वळणं बरीच सुधारली. धन्यवाद! पण दोन गोष्टी दिसतात. दांडी आता आधीपेक्षा लांब जाते, सैल वाटते. आणि हात घाईत असला की अधूनमधून तिरकी दिशा अजून लागते. काही चुकलं का?

उद्यमबाग_लेथ
तुमचं काही चुकलं नाही, भूमितीच तशी आहे. चौकोन ४५ अंशांत फिरला की सरळ दिशेची चाल बाजूपर्यंत न राहता कोपऱ्यापर्यंत होते, म्हणजे १.४१ पट. गेट लहान करून घ्या.

हिशेब असा. गेटमधल्या चौकोनाची बाजू मोजा, आणि गेटमध्ये फिरणाऱ्या दांड्याच्या भागाचा व्यास मोजा. समजा चौकोन १८, दांडा १०. फरक ८. त्याला १.४१ ने भागा, ५.७. त्यात दांड्याचे १० मिळवा, १५.७. हा नवा चौकोन. सरळ चाल पुन्हा पहिल्याइतकीच होते आणि तिरक्या बाजूही आत सरकतात, त्यामुळे दुसरी तक्रारही जाते.

३ मिमी अॅक्रिलिकमधून लेझर कटिंगवाल्याकडे कापून घ्या. पहिला तुकडा थोडा लहान कापा, वरच्या उदाहरणात १५.४, आणि कानशीने वाढवत न्या. चारही दिशांना स्विच 'टक' वाजल्यावर दांडी अगदी किंचित पुढे जायला हवी. आधीच अडली तर स्विच कधी लागेल कधी नाही. कोपऱ्यांना गोलाई आली तरी चालते, फक्त ती दांड्याच्या त्रिज्येपेक्षा कमी हवी.

खानापूरकर
हे नेमकं कळलं. आता आर्कनॉइड. स्पिनर (बॅट हलवायची फिरकी) तयार मिळतो तो महाग वाटतो. घरी होईल का?

निपाणी_सर्किट
होईल. १९८६ च्या मूळ मशीनला फिरकीच होती, एक बटण आणि एक चकती. तीन वस्तू लागतात: ६०० पल्सचा ऑप्टिकल रोटरी एन्कोडर (शाफ्ट किती फिरला ते सांगणारा भाग; ३८ मिमी अंग, ६ मिमी शाफ्ट, ५ ते २४ व्होल्टवर चालतो), प्रो मायक्रो बोर्ड (प्रोग्रॅम घालता येणारा छोटा आर्डुइनोसारखा बोर्ड) आणि चकती. बोर्ड ३२यू४ चिपचाच घ्या. साधा आर्डुइनो ऊनो संगणकाला माउस म्हणून दिसत नाही, इथे पुष्कळांचे पैसे फुकट जातात.

जोडणी: लाल ५ व्होल्टला, काळी ग्राउंडला, हिरवी पिन २, पांढरी पिन ३. या दोन्ही पिना इंटरप्टच्या आहेत, म्हणजे सिग्नल बदलताच बोर्ड हातचं काम थांबवून तो मोजतो, म्हणून जोरात फिरवलं तरी मोजणी सुटत नाही. हिरवी किंवा पांढरी वायर चुकूनही थेट ५ व्होल्टला टेकवू नका, आतला ट्रान्झिस्टर जळतो. प्रोग्रॅममध्ये दोन्ही वायरींच्या चारही कडा मोजा, एका फेऱ्याला २४०० मोजण्या येतात आणि त्या माउसच्या आडव्या हालचालीत पाठवा. मेममध्ये माउस चालू करा, मग खेळात टॅब दाबून अॅनालॉग कंट्रोल्समध्ये डायलची सेन्सिटिव्हिटी कमी करत आणा. गोळीबाराचं बटण त्याच बोर्डाला माउस क्लिक म्हणून जोडता येतं.

उद्यमबाग_लेथ
चकती पितळेची करा. या एन्कोडरचं बेअरिंग ग्रीसमुळे जड असतं, हलकी चकती लावली की बोट उचलताच थांबते. ४५ मिमी व्यास, २० मिमी उंची, पितळ असेल तर २७० ग्रॅम भरते. तीच अॅल्युमिनियमची ८६. वरून झटका दिल्यावर फिरत राहायला वजन लागतं, आणि ते कडेला जितकं जास्त तितकं बरं, म्हणून खालून मधला भाग पोकळ टर्न करून घेतला तरी चालेल, कड जाड राहू द्या. भोक ६ मिमी नेमकं, बाजूने एम४ ग्रब स्क्रू (डोकं नसलेला, शाफ्टवर आवळायचा). भोक ढिलं झालं तर चकती डुगडुगते आणि ती डुगडुग बोटाला लगेच कळते. कडेला बारीक नर्लिंग (पकडीसाठी खरखरीत नक्षी) मागा.

खानापूरकर
चकती हळू फिरवली की बॅट बरोबर चालते, जोरात फिरवली की मध्येच उलटी उडी मारते. प्रोग्रॅम तपासला, पिना २ आणि ३ च आहेत. वायर सुमारे मीटरभर आहे.

निपाणी_सर्किट
पुल-अपचा प्रश्न आहे. या एन्कोडरचं आउटपुट फक्त खाली ओढतं, वर नेण्याचं काम रेझिस्टरचं. बोर्डाच्या आतला रेझिस्टर २० ते ५० किलोओहमचा, मीटरभर वायरीला तो कमजोर पडतो आणि सिग्नल वर चढायला वेळ लागतो. हिरवी ते ५ व्होल्ट एक आणि पांढरी ते ५ व्होल्ट एक, असे ४.७ किलोओहमचे दोन रेझिस्टर बोर्डाजवळ लावा. वायर पेटीत बसेल एवढीच ठेवा, आणि याशिवाय बाकी काही बदलू नका.