टँडेमला ट्यूबलेस: हुकलेस रिम घ्यावी का?

पुढची_सवारी:
पुण्याहून महाबळेश्वरला टँडेमवर, म्हणजे दोघांनी चालवायच्या सायकलवर जायचंय. पुढे मी, मागे दादा. त्याला दिसत नाही, त्यामुळे रस्ता, गिअर, ब्रेक सगळं माझ्याकडे. दोघं, सायकल आणि सामान धरून वजन १६५ किलो. ब्रेक पुढे व्ही (रिमवर दाबणारा), मागे डिस्क. दुकानदार हुकलेस (टायर अडकवायला कडेला आत वळलेली ओठी नसलेली) कार्बन रिम आणि २८ मिमी रुंदीचे ट्यूबलेस टायर सुचवतोय, हलके पडतील म्हणून. मला हलकेपणाचं काही नाही. पसरणी घाट उतरताना पुढचा टायर रिमवरून सुटला तर दादाला काही कळायच्या आत आम्ही रस्त्यावर असू. काय घेऊ?

घाटमाथा:
ताई, ही जोडी टँडेमला नकोच. हुकलेस रिमवर ईटीआरटीओ या युरोपातल्या टायर-रिम संस्थेच्या मानकानुसार हवा जास्तीत जास्त ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआय. तुमच्या एकेका चाकावर ऐंशी किलोंचा भार. एवढ्या हवेत २८ चा टायर खड्ड्यात रिमपर्यंत दबेल, आणि जास्त भरली तर सुटायची भीती. ४० चा टायर आणि हुक असलेली ॲल्युमिनियमची ट्यूबलेस रिम घ्या, ३६ स्पोकची. हवा साधारण ६० पीएसआय. कमाल हवेचा आकडा टायरचा वेगळा, रिमचा वेगळा. त्यातला कमी असेल तो पाळायचा.

साध्या रिमला टेप मारून ट्यूबलेस करून देणारे भेटतील, त्यांना सरळ नाही म्हणा. ट्यूबलेस रिममध्ये बीड, म्हणजे टायरची कडक कड बसते तिथे आतल्या बाजूला बारीक उंचवटा असतो. हवा गेली तरी बीड लगेच आत घसरत नाही. साध्या रिमला तो आधार नसतो.

दोन_पॅडल:
घाटमाथांशी सहमत, पण मला जास्त काळजी त्या पुढच्या व्ही-ब्रेकची वाटते. पाचगणी ते वाई पाचशे मीटरहून जास्त उतार. एवढं वजन ब्रेकवर उतरवलं की रबर रिमवर घासून रिमच तापते. २५ अंशांना भरलेली ६० पीएसआय हवा ६० अंशांना ६९ च्या आसपास जाते. म्हणून फोर्कला डिस्कची सोय असेल तर आधी तो खर्च करा, टायर नंतर. सोय नसेल तर ट्यूबलेस असो वा ट्यूब, उतारावर मध्ये थांबून रिम निवू द्या. आणि हुकलेसवर ट्यूब घातली तरी ५ बारची मर्यादा सुटत नाही, दुकानदार काही म्हणाला तरी ऐकू नका.

पुढची_सवारी:
फोर्कला डिस्कची सोय आहे! म्हणजे पुढे डिस्क नक्की. पुढे ४० मावतो, मागे मात्र चेनस्टेमध्ये (मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या नळ्यांमध्ये) ३८ च्या वर जागा नाही. चालेल ना?

घाटमाथा:
चालेल. मागे हवा थोडी जास्त, ६५ पर्यंत, टायर आणि रिम दोन्हींचा आकडा बघूनच. सीलंट, म्हणजे टायरमधलं भोक बुजवणारं द्रव, आपल्या उन्हाळ्यात लवकर सुकतं, निघायच्या आदल्या आठवड्यात नवं भरा. सोबत मोठं भोक बुजवायचे प्लग आणि दोन ट्यूब ठेवा. दादांना माझा नमस्कार.