विकत घेतलेली ॲप्स सर्वांची, खाती ज्याची त्याची : आपले अनुभव लिहा

घरातील एकाने पैसे भरून घेतलेले ॲप बाकीच्यांनाही वापरता यावे आणि तरीही प्रत्येकाचे फोटो, निरोप व संपर्कयादी स्वतंत्र राहावी, ही अपेक्षा साधी आहे. पण ती प्रत्यक्षात आणताना पुष्कळ घरांत गोंधळ उडतो. घरच्यांचा गट करून खरेदी वाटून घेण्याची सोय म्हणून ॲपलने २०१४ मध्ये आयओएस ८ या आयफोनच्या प्रणालीबरोबर फॅमिली शेअरिंग आणले आणि गूगलने २०१६ मध्ये प्ले स्टोअरवर फॅमिली लायब्ररी सुरू केली. दोन्हींत गटप्रमुखासह सहा जण सामावतात. त्याआधी स्मार्टफोन घेतलेल्या घरांत एकच खाते सर्वांच्या फोनवर घालण्याची रीत पडली होती आणि ती अजून पुरती मोडलेली दिसत नाही. आपण हे कसे निस्तरले, कोठे अडलात आणि आता काय करता, ते सविस्तर लिहावे. खात्यांचे ईमेल पत्ते किंवा पासवर्ड कृपया लिहू नयेत.

प्रतिसाद : ठाणे

आमच्याकडे सासूबाईंचा आयपॅड, यजमानांचा आयफोन आणि माझा आयफोन या तिन्हींवर यजमानांचेच खाते होते, कारण माझ्या रियाजासाठी लागणारे तानपुरा-तबल्याचे ॲप आणि एक जर्मन शब्दकोश त्यावर घेतलेले होते आणि त्यांसाठी पुन्हा पैसे मोजण्याची कोणाची तयारी नव्हती. परिणाम असा की मला आलेला फेसटाइम कॉल सासूबाईंच्या पूजेच्या वेळी देवघराशेजारी वाजू लागे, यजमानांच्या कार्यालयातील लोकांचे क्रमांक माझ्या यादीत दिसत, आणि मी त्यांतील एखादा पुसला की तो त्यांच्या फोनवरूनही नाहीसा होई.

शेवटी जुने खाते यजमानांकडेच ठेवले, कारण सगळी खरेदी त्यावर होती. सासूबाईंना आणि मला नवी खाती काढून दिली आणि तिघांचा गट केला. ॲप स्टोअरमधील खरेदीच्या यादीत यजमानांचे नाव निवडल्यावर तानपुरा पुन्हा पैसे न भरता माझ्या फोनवर उतरला. वेळ गेला तो माहिती वेगळी करण्यात. जुन्या खात्यातून बाहेर पडताना संपर्कांची प्रत फोनवर ठेवायची का, असे विचारले जाते; तेथे होकार द्यावा, आणि नको असलेले क्रमांक नव्या खात्यात शिरल्यानंतरच पुसावेत, नाहीतर ते दोन्हीकडून जातात. व्हॉट्सॲप फोनवर जसेच्या तसे राहिले, मात्र त्याचा बॅकअप जुन्या खात्याच्या आयक्लाउडवर, म्हणजे ॲपलच्या ऑनलाइन साठवणुकीत, असल्यामुळे नव्या खात्यात लगेच नवा बॅकअप घेतला. फोटो आधी संगणकावर उतरवून मग कोणते कोणाचे हे ठरवले. त्यावरून घरात जी चर्चा झाली ती येथे लिहीत नाही. एका खात्यावरची खरेदी दुसऱ्या खात्यावर हलवण्याची सोय ॲपलने २०२५ मध्ये आणली, पण ती आणताना भारत त्यातून वगळला होता. त्यामुळे खरेदी ज्या खात्यावर असेल ते खाते न मोडणे हाच आपल्याकडे शहाणपणाचा मार्ग आहे.

सासूबाईंनी आपला पासवर्ड स्वतः ठरवला आणि तो आम्हांला सांगितलेला नाही.

प्रतिसाद : कोल्हापूर

आमचे सर्व फोन अँड्रॉइडचे आहेत. मुलीच्या टॅबवर माझे खाते जोडले की माझी विकत घेतलेली ॲप्स तिला मिळतात, म्हणून आम्ही बरेच दिवस तसेच चालवले. परंतु खाते जोडले की त्यामागून पत्रव्यवहार, संपर्क आणि कॅलेंडरही येते, आणि प्रत्येकाचे सिंक एकेक करून बंद करावे लागते. फॅमिली लायब्ररी केल्यावर माझे खाते तिच्या टॅबवरून काढून टाकता आले.

फॅमिली लायब्ररीची मर्यादा मात्र खरेदीपूर्वी समजून घ्यावी. जे ॲप उतरवण्यासाठीच पैसे पडतात तेच लायब्ररीत घालता येते. जे फुकट उतरते आणि आत शिरल्यावर 'प्रो' किंवा 'प्रीमियम'साठी पैसे मागते, त्याची आतली खरेदी गूगलकडे वाटून घेता येत नाही. आजकाल बहुतेक ॲप्स या दुसऱ्या प्रकारची असतात, त्यामुळे सोय जितकी मोठी वाटते तितकी ती राहिलेली नाही, असे माझे मत आहे. मी आता ॲपच्या पानावर फॅमिली लायब्ररीचा उल्लेख आहे का ते पाहतो आणि नसेल तर ज्याला ते खरोखर हवे आहे त्याच्याच खात्यावर घेतो.

प्रतिसाद : पुणे

वरील प्रतिसादाला जोडून : ॲपलकडेही आतली खरेदी पूर्वी वाटता येत नसे. २०२० च्या अखेरीस वर्गणी आणि कायमस्वरूपी खरेदीसाठी ती मुभा आली, पण ती द्यायची की नाही हे ॲप बनवणारा ठरवतो. खेळातील नाणी, हिरे यांसारख्या वापरून संपणाऱ्या वस्तू कोठेही वाटल्या जात नाहीत.

प्रतिसाद : नाशिक

पैशांबद्दल अद्याप कोणी लिहिलेले नाही आणि भांडणे तर तेथेच होतात. खरेदी वाटण्याची सोय चालू केली की ॲपलच्या गटात इतरांच्या खरेदीचे बिल सामान्यतः गटप्रमुखाकडे येते. आमच्या घरी प्रमुख मी. मुलाच्या खात्याला 'आस्क टू बाय' लावले असल्याने त्याने काही मागितले की माझ्या फोनवर विचारणा येते आणि मी होकार दिल्याशिवाय खरेदी होत नाही. सुरुवातीला मी कार्यालयातील बैठकीत असताना अशा विचारणा येत आणि नीट न वाचता होकार दिला जाई. त्यावर उपाय सापडला तो असा : खाते मुलाचे असले तरी त्यात स्वतःची शिल्लक असेल तर आधी ती खर्च होते आणि उरलेली रक्कम तेवढी प्रमुखाकडे येते. म्हणून खाऊचे पैसे म्हणून थोडी रक्कम त्याच्याच खात्यात भरतो. स्वतःची शिल्लक कमी होताना दिसते तेव्हा मुलगा फार विचारपूर्वक मागणी करतो, हे मी रोज पाहतो आहे.

वर्गणीबद्दल एक सांगावेसे वाटते. रिझर्व्ह बँकेचे आपोआप होणाऱ्या कपातीचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले आणि कपातीच्या किमान २४ तास आधी बँकेने कळवणे बंधनकारक झाले. तो संदेश प्रमुखाच्याच मोबाइलवर येतो, वर्गणी कोणासाठी आहे हे त्यात कळत नाही. म्हणून आमच्या स्वयंपाकघरातल्या फळ्यावर कोणाची कोणती वर्गणी केव्हा कापली जाते ते लिहिलेले असते.

प्रतिसाद : न्यू जर्सी

आई-बाबा डोंबिवलीला आणि आम्ही येथे. आमच्या गटात त्यांना घेऊन येथील ॲप्स त्यांना द्यावीत असा विचार होता, पण खरेदी वाटण्यासाठी सर्वांच्या खात्यांचा देश एकच असावा लागतो, आणि आईच्या खात्याचा देश बदलणे म्हणजे तिची भारतातील बँकेची ॲप्स अडचणीत आणणे. गिफ्ट कार्डही ज्या देशाचे त्याच देशाच्या खात्यावर चालते. म्हणून त्या दोघांचा गट पुण्यातील धाकट्या भावाने आपल्याकडे केला आहे आणि आम्ही त्याला पैसे पाठवतो.

प्रतिसाद : छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद)

ज्यांच्या घरात सून, लेक किंवा वयात आलेली मुलगी आहे त्यांनी हे अवश्य वाचावे. गटात आल्याने कोणाचे फोटो किंवा निरोप दुसऱ्याला दिसत नाहीत. साठवणुकीची जागा वाटून घेतली तरी आतील माहिती वेगळीच राहते. पण ॲपलच्या गटात खरेदी वाटणे चालू असेल तर प्रत्येकाने उतरवलेल्या ॲप्सची यादी इतरांना उघडता येते आणि त्यात फुकट घेतलेली ॲप्सही असतात. मासिक पाळीची नोंद ठेवणारे माझे ॲप सासऱ्यांच्या आयपॅडवर माझ्या नावाखाली दिसले तेव्हा कोणी काही बोलले नाही, पण मला ते रुचले नाही. यादीत ते नाव डावीकडे सरकवले की लपवण्याचा पर्याय येतो. नोकरी शोधण्याची, विवाहविषयक, मानसोपचाराची अशी जी ॲप्स असतील ती त्याच बैठकीत लपवून टाकली.

प्रतिसाद : पिंपरी

खेळांपुरते : संगणकावरील खेळ विकणाऱ्या स्टीम या दुकानाचा फॅमिली गटही सहा जणांचा आहे. भाऊ आणि मी एकमेकांचे वेगवेगळे खेळ एकाच वेळी खेळू शकतो, मात्र एकच प्रत दोघांना एकदम चालत नाही. भावाने माझ्या प्रतीवर खेळताना फसवणूक केली तर त्या खेळातील बंदी माझ्यावरही येते, एवढे त्याला बजावून ठेवले आहे.

प्रतिसाद : सातारा

गट सोडताना काय होते, तेही लिहितो. बिल कोणीही भरले असले तरी ज्याच्या खात्यावरून खरेदी झाली ते ॲप त्याचे राहते. मुलीने महाविद्यालयात असताना माझ्या पैशांनी स्वतःच्या खात्यावर जे घेतले ते लग्नानंतर तिच्याबरोबर गेले, आणि तिचे रोजचे काम ज्यावर चाले ते चित्रकलेचे ॲप माझ्या खात्यावर असल्यामुळे गट सोडताच तिच्याकडे उघडेनासे झाले. आधी सर्व चित्रे बाहेर काढून घेतली होती म्हणून निभावले; ॲप तिने पुन्हा विकत घेतले. एका वेळी एकाच गटात राहता येते आणि वर्षातून एकदाच गट बदलता येतो, त्यामुळे सासरच्या गटात जायचे की जावई आणि तिने दोघांचाच वेगळा गट करायचा, हे त्यांनी आधी ठरवले आणि मगच आमचा गट सोडला. धाकट्या मुलाच्या बाबतीत आम्ही आता खरेदीच्या वेळीच विचारतो : हे घरासाठी आहे की तुझ्या कामाचे? घरासाठी असेल तर माझ्या खात्यावर, कामाचे असेल तर त्याच्या.