फळांच्या अर्काच्या गोळ्यांनी वजन उतरतं का? (मतं हवीत, जाहिराती नकोत)

तराजू
वजन कमी करायच्या 'नैसर्गिक' गोळ्यांत एक नाव हटकून सापडतं: गार्सिनिया कंबोजिया. कोकमाच्याच कुळातलं झाड. त्याच्या फळाच्या सालीत हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल असतं (पुढे नुसतं एचसीए म्हणतो). माझं मत सरळ आहे, हा अर्क घेण्यात काही राम नाही. १९९८ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात १३५ जणांवरची बारा आठवड्यांची चाचणी आली. रोज १५०० मिग्रॅ एचसीए आणि जोडीला कमी उष्मांकाचा आहार. अर्क घेणाऱ्यांचं वजन सरासरी ३.२ किलो उतरलं, पोकळ गोळी (दिसायला तशीच, पण आत अर्क नसलेली) घेणाऱ्यांचं ४.१ किलो. संख्याशास्त्राने हा फरक धरायचा नाही हे मान्य, पण निदान झुकायचा तरी अर्काच्या बाजूला! २०११ मध्ये अनेक चाचण्यांचा एकत्र हिशोब झाला, त्यात फायदा निघाला ०.८८ किलो. त्यातल्याही फक्त काटेकोर चाचण्याच धरल्या, तर तेवढाही ठामपणे दिसत नाही.

निर्यास
असहमत. १९९८ चा दाखला सगळे देतात, पण मात्रा आणि पद्धत कुणी बघत नाही. त्या चाचणीचा आहार भरपूर चोथ्याचा होता आणि चोथ्यामुळे एचसीएचं शोषण घटू शकतं, हा आक्षेप जुनाच आहे. रिकाम्या पोटी घेतलं तर रक्तातली पातळी जेवणासोबत घेतल्यापेक्षा वर जाते. २००४ च्या चाचणीत रोज २८०० मिग्रॅ एचसीए दिलं होतं, तेही पोटॅशियम-कॅल्शियम क्षाराच्या रूपात, तीन भागांत, जेवणाआधी ३० ते ६० मिनिटं. आहार २००० किलोकॅलरी, मुदत आठ आठवडे. तिथे पोकळ गोळीच्या गटाशी फरक स्पष्ट दिसला. निम्म्या मात्रेत गुण आला नाही म्हणून पदार्थच बाद करायचा?

तराजू
तीच चाचणी काढणार याची खात्री होती. गट लहान, आणि लेखकांत तो अर्क बनवणाऱ्या कंपनीचे लोक. बरं, ०.८८ किलो खरंच धरू. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० किलोकॅलरी, म्हणजे हे झाले ६८०० च्या आसपास. बारा आठवड्यांवर वाटले तर दिवसाला ८०. एवढ्यासाठी रोज तीनदा घड्याळ लावून गोळ्या?

पेशीजाल
मात्रेच्या भांडणाआधी यंत्रणा बघा. एचसीए हे एटीपी सिट्रेट लायेज नावाच्या विकराला (एन्झाइमला) अडवतं, हे १९६९ पासून माहीत आहे. हे विकर सिट्रेट फोडून असेटिल-कोए हा कच्चा माल बनवतं आणि त्यातून पेशी नवी चरबी रचते. भरपूर कर्बोदकं खाणाऱ्या उंदरांत हा रस्ता जोरात चालू असतो, म्हणून तिथे निकाल छान येतात. माणूस नेहमीचा मिश्र आहार घेतो तेव्हा साठणारी चरबी मुख्यतः खाल्लेल्या चरबीतूनच येते. कर्बोदकांपासून चरबी बनवण्याचा वाटा लहान असतो. जी वाट फारशी वापरातच नाही ती अडवून काय साधणार? बेम्पेडोइक आम्ल हे कोलेस्टेरॉलचं औषध याच विकराला रोखतं, २०२० पासून वापरात आहे. त्याने एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) उतरतं, पण वजन उतरवायला ते कुणी देत नाही.

निर्यास
बेम्पेडोइकचं उदाहरण इथे लागू नाही. ते यकृतातच सक्रिय होतं, चरबीच्या पेशीत नाही. शिवाय एचसीएचा दुसरा दावा भूक कमी होण्याचा आहे, मेंदूतल्या सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनामार्गे.

पेशीजाल
पहिला मुद्दा बरोबर, मान्य. पण एचसीए तरी चरबीच्या पेशीत पुरेसं शिरतं का? विद्युतभार असलेला रेणू आहे, पेशीच्या पडद्यातून सहज जात नाही. आणि सेरोटोनिनचा दावा खरा मानायचा, तर एस्सिटॅलोप्रामसारख्या नैराश्यावरच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी याला हातच लावू नये. दोन्ही एकत्र घेतल्यावर सेरोटोनिन वाढल्याची लक्षणं (थरथर, घाम, धडधड, अस्वस्थता) दिसल्याची नोंद आहे.

मोजमाप
तुम्ही दोघंही गृहीत धरताय की डबीवर लिहिलंय ते आत आहे. लेबल नीट वाचा. '५०० मिग्रॅ गार्सिनिया अर्क, ५०% एचसीए' म्हणजे एका कॅप्सूलमध्ये एचसीए फक्त २५० मिग्रॅ. निर्याससाहेबांचे २८०० मिग्रॅ गाठायला दिवसाला अकरा-बारा कॅप्सूल लागतील. डबीवर मात्र 'दिवसातून दोन' असतं. 'खास मिश्रण' असं लिहून नुसतं एकूण वजन दिलं असेल, तर हिशोब करायची सोयच नाही. ती डबी परत ठेवावी.

पुढची गंमत तपासणीत. एकूण आम्लता टायट्रेशनने (आम्ल किती ते मोजायची साधी रासायनिक पद्धत) मोजली तर स्वस्त सायट्रिक आम्लही त्यात मोजलं जातं आणि आकडा झकास येतो. त्यामुळे कंपनीकडे तुकडीचा अहवाल मागायचा आणि त्यात 'एचपीएलसी' (प्रत्येक घटक वेगळा करून मोजायची पद्धत) शब्द आहे का ते बघायचं. त्याच अहवालात लॅक्टोनचा आकडा वेगळा हवा. रस आटवताना, वाळवताना मोकळं एचसीए बंद कड्याच्या लॅक्टोनमध्ये बदलतं आणि ते विकर अडवायच्या कामाचं नसतं. म्हणूनच तर त्याचा क्षार करतात. क्षारांतही नुसता कॅल्शियमचा पाण्यात नीट विरघळत नाही. पोटॅशियमचा विरघळतो, पण हवेतलं पाणी ओढतो, मग पावडरीचे गोळे होतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पोटॅशियमचा क्षार तसाही नको.

आणि ज्या 'हर्बल' गोळीने आठवड्यातच भूक मरते, तिच्यावर जास्त संशय घ्या. हृदयाच्या धोक्यामुळे २०१० मध्ये बाजारातून काढलेलं सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध अशा गोळ्यांत पुनःपुन्हा सापडलंय.

पित्तप्रकृती
यकृताचं कुणीच कसं काढलं नाही? अमेरिकेत २००९ मध्ये 'हायड्रॉक्सीकट' ही वजन उतरवायच्या उत्पादनांची मालिका बाजारातून परत घ्यावी लागली. यकृताला इजा झाल्याच्या २३ तक्रारी आल्या होत्या. तिच्या सगळ्या उत्पादनांत गार्सिनिया नव्हतं, त्यामुळे खापर एकट्यावर फोडता येणार नाही. पण नंतर एकट्या गार्सिनियाच्या गोळ्यांनीही असं झाल्याच्या नोंदी आल्या. एचएलए-बी*३५:०१ हा जनुकप्रकार असणाऱ्यांत हा धोका जास्त दिसतो, ग्रीन टीच्या अर्कालाही तोच लागू. आणि बाजारातल्या किती मिश्रणांत हे दोन्ही एकत्र असतात!

निर्यास
अशा घटना वापरणाऱ्यांच्या मानाने विरळ आहेत. सुरू करण्याआधी एकदा यकृताची तपासणी केली, की झालं.

पित्तप्रकृती
नाही होत. इथे इजा मात्रेच्या हिशोबाने ठरत नाही, ज्याला व्हायची त्याला होते. आधीचा अहवाल स्वच्छ असून काही आठवड्यांत किंवा महिन्यांत कावीळ होऊ शकते. आधीची तपासणी तुलनेपुरती उपयोगी, हमी म्हणून नाही. मळमळ, कारण नसताना थकवा, गडद लघवी, अंगाला खाज, यातलं काही दिसलं की गोळी त्याच दिवशी बंद आणि रक्ततपासणी. एएलटी (यकृताच्या इजेची खूण असलेलं विकर) वरच्या मर्यादेच्या तिपटीपुढे आणि बिलिरुबिन (काविळीचं पिवळं द्रव्य) दुपटीपुढे गेलं तर थेट रुग्णालय. अशा रुग्णांत सुमारे दहातल्या एकाचं यकृत निकामी होण्यापर्यंत जातं. बरं वाटल्यावर 'बघू तरी' म्हणून पुन्हा सुरू करणं सगळ्यात वाईट, दुसऱ्या वेळी इजा लवकर आणि जोरात होऊ शकते.

निर्यास
ठीक. मग माझी भूमिका एवढीच उरते: यकृत निरोगी, दुसरं औषध चालू नाही, गरोदर नाही, अंगावर पाजत नाही, आणि एकच घटक असलेली, एचपीएलसी अहवालाची डबी. अशा माणसाने बारा आठवडे बघायला हरकत नसावी.

तराजू
हरकत आहे. दिवसाला ८० किलोकॅलरीसाठी ही सगळी चाळणी लावायची, आणि पित्तप्रकृती म्हणतात तो धोका तरी त्या चाळणीत कुठे अडतोय?